व्यसन, मुक्ती आणि दवाखान्याची पायरी

काशीत ‘मुक्ती’ हा शब्द जितक्या सहजपणे उच्चारला जातो, तितका तो अन्यत्र क्वचितच उच्चारला जात असेल. येथे देह ठेवला म्हणजे मुक्ती मिळते या श्रद्धेने माणसे दूरदूरच्या मुलखांतून येतात आणि वाट पाहत राहतात. परंतु हातीपायी धड असलेला, संसारात वावरणारा मनुष्य जिवंतपणी एखाद्या बंधनातून मुक्त झाला असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न या मोक्षपुरीतही सोपा नाही. तो आमच्यापुढे उभा राहिला, तो कोणत्याही मठात किंवा पाठशाळेत नव्हे, तर बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर.

पंचगंगा घाटाच्या शेजारचा हा घाट मराठी माणसाला परका वाटू नये. तो पेशव्यांच्या काळातला. पुढे तो ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे आला. वरच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. पलीकडच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या कुटुंबांची मराठी अजूनही कानी पडते. अशाच एका कुटुंबातील वृद्ध स्नेह्यांबरोबर आम्ही एका हिवाळ्यात सकाळच्या उन्हात बसलो होतो. समोर तिशीतला एक नावाडी आपल्या नावेतले पाणी उपसत होता. त्याच्याकडे पाहून आमचे स्नेही हलक्या आवाजात म्हणाले, “हा गर्द घेत असे. आठ वर्षे. आता सुटला आहे असे म्हणतात. पण सुटला कसला? रोज सरकारी रुग्णालयात जाऊन जिभेखाली एक गोळी धरून येतो, तेव्हा कोठे नाव सोडतो. अहो, एक खुंटी सोडून दुसऱ्या खुंटीला बांधलेल्या बैलाला मोकळा म्हणायचे काय?”

मराठी घरांच्या शेजारी लहानाचा मोठा झालेल्या त्या नावाड्याला मराठी समजत होते. तो रागावला नाही. पाणी उपसणे न थांबवता आपल्या बोलीत तो इतकेच म्हणाला, की पूर्वी डोळे उघडताच आज पैसा कोठून आणावा हे मी पाहत असे; आता नदीला पाणी किती चढले आहे ते पाहतो. मग त्याने आपली हकीकत सांगितली. घरच्यांनी त्याला दोनदा कोठल्याशा खाजगी ‘नशामुक्ती केंद्रात’ ठेवले होते. तेथील दिवसांविषयी बोलणे त्याने टाळले. दोन्ही वेळा तो ‘स्वच्छ’ होऊन परतला आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आत पुन्हा घसरला. दुसऱ्या खेपेस तर त्याने पूर्वीच्याच मापाने पुडी घेतली आणि तो निपचित पडला. भावाने वेळेवर पाहिले म्हणून तो वाचला. गोळी सुरू झाल्यास दोन वर्षे झाली. या दोन वर्षांत बहिणीच्या लग्नाचे कर्ज फिटले आहे आणि नाव पुन्हा स्वतःच्या मालकीची झाली आहे.

आमच्या स्नेह्यांचा आक्षेप क्षुद्र नव्हता. तो बहुतेक सज्जनांचा आक्षेप आहे. किंबहुना आमच्याही मनात तो होता. म्हणून त्याचा नीट विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अफू, तिच्यापासून निघणारे मॉर्फिन आणि त्यावर प्रक्रिया करून केलेले हेरॉइन ही एकाच कुळातली. बाजारातले अशुद्ध हेरॉइन म्हणजेच आपण ज्याला गर्द म्हणतो ते. त्याची सवय झालेल्या शरीराला काही तास ते न मिळाले की नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागते, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, हाडे पिळवटून निघतात, जुलाब होतात आणि झोप नाहीशी होते. मुंबई-पुण्याचे गर्दुल्ले याला ‘टर्की’ म्हणतात. (‘गर्दुल्ला’ या शब्दातच केवढी तुच्छता भरली आहे! क्षयाच्या रोग्याला असे नाव आपण कधी ठेवले नाही.) ही अवस्था आठवडा-दहा दिवसांत ओसरते आणि तेवढ्यावरून लोक समजतात, की मनुष्य सुटला. वस्तुतः खरा धोका तेथून पुढे असतो. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, ओढ मात्र शिल्लक असते. अशा वेळी जुन्या मापाने घेतलेली एक मात्रा श्वास थांबवू शकते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे या रोग्यांच्या आयुष्यात मरणाच्या दृष्टीने फार धोक्याचे असतात, हे निरनिराळ्या देशांतील अनुभवाने सिद्ध झाले आहे. म्हणजे ज्या दिवशी आपण त्याला ‘मुक्त’ म्हणून हार घालतो, त्याच दिवशी तो मृत्यूच्या अधिक जवळ गेलेला असतो.

नावाडी घेतो त्या गोळीतले औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. हे द्रव्यही त्याच कुळातले. आक्षेपाचे मूळ तेथेच आहे. मेंदूत हेरॉइन जेथे काम करते, तेथेच जाऊन ते बसते. परंतु त्याचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही, तो सावकाश चढतो आणि दिवसभर टिकतो. योग्य मात्रेत ते घेणाऱ्याला धुंदी येत नाही. केवळ ती हाडे पिळवटणारी अवस्था येत नाही आणि ओढ कमी होते. मेथॅडोन नावाचे दुसरे औषध याच कामी न्यूयॉर्कमध्ये डोल आणि न्यिस्वांडर या वैद्यांनी १९६५ साली पुढे आणले. तेव्हापासून आजवरच्या अनुभवाचा निष्कर्ष असा, की अशा औषधावर टिकून राहिलेल्या रोग्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण औषधाबाहेर राहिलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी असते.

आता आमच्या स्नेह्यांचा प्रश्न. मनुष्य रोज एका द्रव्यावर अवलंबून आहे, मग तो मुक्त कसा? त्यांना आम्ही विनोदाने म्हणालो, की आपणही वीस वर्षे रक्तदाबाची गोळी घेत आहात. त्यांनी तात्काळ उत्तर दिले, “माझा रोग मला चोरी करायला लावीत नव्हता.” उत्तर मार्मिक होते आणि आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. परंतु त्याच उत्तरात विचाराचा धागा आहे. जो रोग मनुष्याकडून चोरी करवितो, खोटे बोलवितो, आईचे दागिने विकवितो, त्या रोगावरचे औषध नीतीच्या दृष्टीने कमी दर्जाचे, की अधिक मोलाचे? रक्तदाबाची गोळी माणसाचे आयुष्य वाढविते. ही गोळी आयुष्य तर वाढवितेच, शिवाय त्याच्या शब्दाला पुन्हा किंमत आणते.

आपल्या मीमांसकांनी कर्मांचा जो एक भेद सांगितला आहे, तो येथे उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करावयाचे. नित्य कर्माचे तसे नाही. ते केल्याने विशेष फळ मिळत नाही, मात्र न केल्याने प्रत्यवाय लागतो. गर्दाची पुडी ही काम्याच्या जातीची, आणि तीही अशी की फळ दिवसेंदिवस घटत जाते व कामना वाढत जाते. रोजची गोळी नित्याच्या जातीची. तिच्यात सुख नाही. ती चुकली तर मात्र अनर्थ आहे. बाहेरून पाहणाराला दोन्हीकडे ‘रोज घेणे’ एवढेच दिसते. रोज तेच करणे हीच गुलामगिरी मानली, तर ज्या बालाजी मंदिराच्या छायेत आम्ही बसलो होतो, तेथला रियाजही गुलामगिरी ठरेल. बंधन नित्यतेत नाही. नित्य केलेली गोष्ट माणसाचा उरलेला दिवस खाऊन टाकते की मोकळा करते, यावर ते ठरते. नावाड्याची पुडी त्याचे चोवीस तास खात असे. गोळी त्याचा अर्धा तास घेते आणि उरलेला दिवस त्याला परत करते.

दृष्टांताला मर्यादा असतात, हे आम्ही जाणतो. गोळी हे औषध आहे, विधी नव्हे. काहींना ती काही काळाने हळूहळू कमी करता येते, काहींना वर्षानुवर्षे लागते. हा निर्णय रोगी आणि वैद्य यांनी मिळून करावयाचा. मात्र तो ‘आता लोक काय म्हणतील’ या लाजेपोटी होऊ नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.

‘व्यसन’ हा शब्दही आपण अर्धाच वापरतो. संस्कृतात त्याचा एक अर्थ वाईट नाद असा आहे, तसाच दुसरा संकट किंवा विपत्ती असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यसनांवर एक स्वतंत्र अधिकरण आहे. त्यात राज्यावर कोसळणाऱ्या आपत्ती आणि माणसाचे मद्य, द्यूत इत्यादी दोष एकाच नावाखाली येतात. खरा बांधव कोण हे सांगणाऱ्या प्रसिद्ध सुभाषितातही ‘व्यसन’ संकट याच अर्थाने आले आहे. मराठीत येता येता संकटाचा अर्थ गळाला आणि दोषाचा तेवढा राहिला. शब्दाचा अर्धा अर्थ गेला आणि त्याबरोबर बांधवाचे कर्तव्यही आपण विसरलो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

आणि या संकटाचा इतिहास पाहिला, तर सारा दोष रोग्याच्या माथी मारणे अधिकच कठीण होते. बालाजी घाटाखालून वाहणारे पाणी पुढे गाझीपूरला जाते. वाराणसीपासून सुमारे ७५ किलोमीटरवर असलेल्या या गावी सरकारी अफूचा कारखाना १८२० पासून आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर ब्रिटिश सरकारच्या मक्तेदारीत या भागातील शेतकरी आगाऊ रकमेच्या बंधनात खसखस पिकवीत आणि सारा चीक सरकारला घालीत. ती अफू चीनला जाई आणि तिच्यासाठी युद्धेही झाली. याबाबत मराठी माणसानेही फार ताठ मानेने बोलू नये. माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलखांत पिके आणि मुंबईमार्गे जहाजांवर चढे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या चीनच्या व्यापारातील संपत्तीत अफूचा मोठा वाटा होता. त्यांच्या देणगीतून १८४५ साली उभ्या राहिलेल्या मुंबईच्या रुग्णालयात मराठी डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. १८९३ साली नेमलेल्या शाही आयोगाने दोन वर्षांनी अहवाल दिला, तो हिंदुस्थानात अफूची फारशी हानी नाही असाच. स्वतंत्र भारताने १ एप्रिल १९५९ पासून वैद्यकीय कारणांखेरीज अफू खाण्यावर बंदी घातली, ते योग्यच झाले. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला. गाझीपूरचा आणि नीमचचा कारखाना आता औषधासाठी अफू शुद्ध करतो, आणि सरकारी परवान्याने होणाऱ्या खसखशीच्या लागवडीवर देखरेख करणाऱ्या खात्याचे मुख्य कार्यालय शिंद्यांच्याच ग्वाल्हेरीत आहे. राज्यसंस्थेने शतकभर जी वस्तू विकून तिजोरी भरली, तिच्या रोग्याला औषध देताना मात्र तिने प्रथम त्याच्या चारित्र्याचा दाखला मागावा, ही गोष्ट आम्हांस विसंगत वाटते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पहिली भीती अशी, की अशा गोळ्या बाजारात फुटतील. ती खोटी नाही. याच औषधाच्या इंजेक्शनांचा गैरवापर आपल्या देशात झालेला आहे. म्हणूनच गोळी समोर घ्यावयास लावणे, तिच्यात नॅलॉक्सोन मिसळणे, नोंदवही ठेवणे हे उपाय निघाले. उपाय असावेत, मात्र ते रोग्याला दारातूनच परत लावतील इतके जाचक नसावेत. दुसरे म्हणणे अधिक उदात्त आहे: मनुष्याने सर्वस्वी निर्व्यसनी व्हावे, औषधाचाही आधार सोडावा. हा मार्ग महाराष्ट्राला ठाऊक आहे. डॉ. अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहून हा विषय घराघरांत नेला. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्याने, पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. रोग्याला गुन्हेगार न समजता आपला माणूस समजणे ही त्या घराची रीत, आणि तेथून उभे राहिलेले अनेक जण आज ताठ मानेने जगत आहेत. त्या कार्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु शिखरावर पोहोचलेल्यांचा गौरव करताना, जे पायथ्याशी मरतात त्यांच्यासाठी मधली पायरी नको असे म्हणणे, हे त्या कार्याचे तात्पर्य खचितच नव्हे. माणूस जिवंत राहिला, तर पुढे केव्हातरी तो तेथवर जाईल. मेलेल्याला कोणीही निर्व्यसनी करू शकत नाही.

आता ही पायरी कोठे असावी? आमच्या मते तिची जागा साध्या दवाखान्यात आहे. जेथे ताप, खोकला आणि मधुमेह यांसाठी सारा गाव जातो, तेथे. एम्सच्या राष्ट्रीय केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूच्या कुळातील पदार्थ घेतात आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना उपचाराची गरज आहे. या ७७ लाखांतील निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत उत्तर प्रदेश आहे आणि महाराष्ट्रही आहे. इतक्या रोग्यांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणि एवढ्या खाटा आपल्याकडे नाहीत, आणि नजीकच्या काळात त्या होण्याचा संभवही नाही. फ्रान्समध्ये १९९५ च्या सुमारास सामान्य डॉक्टरांना हे औषध लिहून देण्याची मोकळीक मिळाली. १९९५ ते १९९९ या काळात तेथील अतिमात्रेचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. त्याला इतरही कारणे असतील. पण अनर्थ झाला नाही, हे निश्चित. अमेरिकेत यासाठी लागणारी डॉक्टरांची खास परवानगी २०२२ च्या अखेरीस रद्द झाली. आपल्याकडे पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण दवाखान्यांतून ही गोळी देण्यास आरंभ केला, आणि २०२० च्या टाळेबंदीत रोग्यांना काही दिवसांच्या गोळ्या घरी नेऊ दिल्या.

कायदाही आड येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था आजारात गणल्या आहेत आणि मानसोपचार सर्वसाधारण आरोग्यसेवेत, अगदी प्राथमिक पातळीपासून, मिसळावा असे सांगितले आहे. १९८५ च्या कायद्यातही, अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेऊ लागला तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम आहे. कायदा तयार आहे; मने आणि कार्यालये तयार व्हावयाची आहेत.

येथे आम्ही या मासिकाच्या वाचकांशी थोडे थेट बोलू इच्छितो. आपल्यांपैकी पुष्कळ जण सरकारी नोकरीनिमित्त परमुलखात आहेत. कोणी महसुलात, कोणी पोलिसांत, कोणी आरोग्यात, कोणी हिशेब तपासण्याच्या खात्यात. या प्रश्नात मोठी तत्त्वे अखेरीस तुमच्याच टेबलावर, अगदी किरकोळ रूपात, येऊन पडतात. औषध देण्याची खिडकी दहाला उघडते. नावाड्याचा आणि हमालाचा धंदा पहाटेचा असतो. दोन तास आधी ती उघडणे हे एका सहीचे काम आहे. व्यसनी रोग्यांसाठी वेगळी रांग आणि वर मोठी पाटी लावली की गल्लीतल्या स्त्रिया त्या दाराकडे फिरकत नाहीत, आणि अफूची सवय स्त्रियांना नसते असा समज मात्र कागदावर कायम होतो. त्याऐवजी सर्वांसारखाच एक केसपेपर द्यावा. त्याच डॉक्टरने त्याच बैठकीत खोकला तपासावा, सुया टोचून घेणाऱ्याचे यकृत तपासावे आणि गोळीही द्यावी. स्थिरावलेल्या रोग्याला आठवड्याचे औषध घरी न्यावयास मिळावे. एखादे वेळी तो घसरला, तर ‘नियमभंग’ असा शेरा मारून नाव कमी करू नये. मधुमेह्याने लाडू खाल्ला म्हणून आपण त्याचे औषध बंद करीत नाही. आणि दवाखान्यासमोर रोग्यांना पकडून आकडे भरण्याचा मोह पोलिसांनी आवरावा.

यांपैकी कोणत्याही गोष्टीला महात्म्याची गरज नाही. रोग्याने आधी सद्गुणी व्हावे आणि मग औषध घ्यावे, ही अट आपण मागे घेतली की पुरे. ती अट घालण्यात आपल्याला एक गुप्त समाधान मिळते. आपण त्याच्यासारखे नाही, याचे. ते समाधान हेही एक व्यसनच आहे, आणि त्यावर अद्याप गोळी निघालेली नाही.

त्या सकाळी ऊन चढल्यावर आम्ही उठलो. आमच्या स्नेह्यांना पलीकडच्या तीरावर काही काम होते. ते पायऱ्या उतरून त्याच नावाड्याच्या नावेत बसले. मत बदलल्याचे त्यांनी आम्हांस सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. नाव सुटताना त्यांनी आपल्या थैलीतले पैशांचे पाकीट काढून त्याच्याजवळ ठेवावयास दिले, कारण म्हाताऱ्या माणसाच्या हातून ते पाण्यात पडण्याची भीती होती. दोन वर्षांपूर्वी त्या घाटावर कोणीही ते त्याच्या हाती दिले नसते. मुक्तीची याहून नेमकी खूण शास्त्रांत कोठे असेल, तर ती आम्हांस ठाऊक नाही.